माल भरपूर, गाळणी गायब : २०२० मधला मेल्टब्लोनचा तुटवडा

मार्च २०२० मध्ये भारतात पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकची टंचाई नव्हती. जामनगर, हजिरा, पानिपत इथले प्रकल्प हा माल लाखो टनांच्या हिशेबाने काढतात. टाळेबंदी लागल्यावर मोटारींचे सुटे भाग, खुर्च्या, बादल्या यांची मागणी एकदम बसली, तेव्हा तर दाण्यांच्या गोण्या पडून राहायची वेळ आली. त्याच आठवड्यांत औषधांच्या दुकानांत मास्क मिळत नव्हते. आणि तीन पदरी सर्जिकल मास्क म्हणजे नाकावरची तार आणि कानांचं इलॅस्टिक सोडलं तर सगळं पॉलिप्रॉपिलीनच.

पॉलिप्रॉपिलीन समजून घ्यायला मला हे प्रकरण सगळ्यात सोयीचं वाटतं. गुणधर्मांचा तक्ता कुठेही सापडतो: घनता ०.९ च्या आसपास, म्हणजे पाण्यावर तरंगणारं. वितळणबिंदू साधारण १६० ते १६५ अंश सेल्सिअस. पाणी शोषण जवळजवळ शून्य. आम्ल-अल्कलींना दाद न देणारं. विजेला उत्तम रोधक. पण यातली कुठली ओळ कुठल्या दिवशी सगळ्यांना अडवून धरेल, हे तक्त्यात लिहिलेलं नसतं. २०२० मध्ये अडलं ते मास्कच्या मधल्या पदरावर.

मधला पदर

सर्जिकल मास्क कात्रीने कापून पाहा. बाहेरचा रंगीत आणि आतला पांढरा, असे दोन पदर स्पनबॉन्डचे. वितळलेल्या पॉलिप्रॉपिलीनचे अखंड तंतू जाळीवर अंथरून, तापलेल्या रुळांखाली ठिपक्याठिपक्यांनी चिकटवून हे कापड होतं. तंतू साधारण १५ ते २० मायक्रॉन जाडीचा. या पदरांचं काम आकार धरून ठेवायचं आणि शिंतोडे अडवायचं. मधे जो पातळ, पांढरा, ओढला तर लगेच फाटणारा पदर निघतो तो मेल्टब्लोन. त्याचा तंतू १ ते ५ मायक्रॉनचा, माणसाच्या केसाच्या वीस-तीस पट बारीक. गाळण्याचं खरं काम तोच करतो. तो काढून टाकला तर उरतो नुसता नाकावरचा फडका.

हा पदर लागतो तरी किती? सर्जिकल मास्कमध्ये चौरस मीटरला २० ते २५ ग्रॅम वजनाचं मेल्टब्लोन घालतात. चुण्या उलगडून एका मास्कचं क्षेत्रफळ मोजलं तर एका मास्कमागे जेमतेम एक ग्रॅम. म्हणजे एक टन कापडात दहा लाखांच्या घरात मास्क निघतात. एन-९५ ला जाड किंवा एकाहून जास्त पदर लागतात, त्यामुळे टनामागे नग बरेच कमी. तरीही टनांच्या भाषेत ही मागणी पॉलिप्रॉपिलीनच्या बाजारात दिसणारसुद्धा नाही इतकी लहान आहे. जगाला कच्च्या मालाची ददात नव्हती, हे या हिशेबातून उघड होतं.

दाण्याची गोष्ट

प्लास्टिकच्या धंद्यात पॉलिप्रॉपिलीनचा भाव विचारण्याआधी ‘एमएफआय किती?’ असं विचारतात. २३० अंशांवर वितळलेला माल २.१६ किलोच्या वजनाखाली एका ठरावीक भोकातून दहा मिनिटांत किती ग्रॅम बाहेर येतो, तो आकडा म्हणजे मेल्ट फ्लो इंडेक्स. खताची आणि सिमेंटची पोती विणायच्या पट्टीला साधारण ३ एमएफआयचा माल लागतो, कारण पट्टी ओढून ताणायची असते आणि त्यासाठी लांब साखळ्या हव्यात. डबे, झाकणं, बादल्या साच्यात मारायच्या तर १० ते १२ किंवा त्याहून वर. स्पनबॉन्डच्या तंतूला ३५ च्या आसपास. आणि मेल्टब्लोनला? १००० ते १५००. वितळल्यावर हा माल तेलासारखा पळतो.

पोत्याचा दाणा मेल्टब्लोनच्या मशीनला घातला तर तो बाहेरच पडणार नाही, आणि मेल्टब्लोनचा दाणा पोत्याच्या मशीनला घातला तर पट्टी उभी राहायच्या आधीच तुटेल. नाव एक, रासायनिक सूत्र एक, दोघांचा वितळणबिंदूही जवळपास सारखाच. फरक फक्त साखळीच्या लांबीत. ‘देशात पॉलिप्रॉपिलीन भरपूर आहे’ या वाक्याला त्या महिन्यांत फारसा अर्थ का नव्हता, त्याचं पहिलं कारण हे.

इथे थोडं साखळीबद्दल सांगायला हवं. प्रॉपिलीन हा तेलशुद्धीकरणात आणि नॅप्था फोडताना मिळणारा वायू. त्याचे रेणू एकापुढे एक जोडले की कार्बनची साखळी तयार होते आणि दर दुसऱ्या कार्बनवर एक मिथाइल गट लटकतो. हे गट कसेही, दोन्ही बाजूंना विखुरले तर चिकट, मऊ, फारसा उपयोग नसलेला पदार्थ हाती येतो. सगळे एकाच बाजूला लागले तर साखळ्या नीट गुंडाळून रचल्या जातात, स्फटिक बनतात आणि कडक, १६० अंशांपर्यंत टिकणारं प्लास्टिक मिळतं. मिलानमध्ये ज्युलिओ नाट्टा यांच्या गटाने मार्च १९५४ मध्ये हे साधलं, आणि १९६३ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना कार्ल झीग्लर यांच्यासोबत मिळालं. मात्र ओक्लाहोमातल्या फिलिप्स पेट्रोलियमच्या पॉल होगन आणि रॉबर्ट बँक्स यांना १९५१ मध्येच वेगळ्या उत्प्रेरकावर स्फटिकी पॉलिप्रॉपिलीन मिळालं होतं. अमेरिकेतला पेटंटचा वाद इतका लांबला की तिथलं पेटंट त्यांच्या नावावर निघायला १९८३ उजाडलं. ज्याच्या वापराला तोवर पाव शतक होऊन गेलं होतं, त्या पदार्थाचं पेटंट!

ज्या कार्बनवर मिथाइल गट लटकतो, तिथला हायड्रोजन सैल असतो. पॉलिप्रॉपिलीनची बहुतेक दुखणी इथून सुरू होतात. उन्हातली अतिनील किरणं आणि हवेतला प्राणवायू त्याच जागी घाव घालतात आणि साखळी तुटते. अंगणात वर्षानुवर्षं ठेवलेली प्लास्टिकची खुर्ची पांढुरकी पडून एक दिवस बसल्या बसल्या तडकते, ती यामुळे. म्हणून बाहेर वापरायच्या मालात अतिनील-रोधक घालावा लागतो. गॅमा किरणांनी निर्जंतुक करताना साध्या पॉलिप्रॉपिलीनची सिरिंज ठिसूळ होते, तेही यामुळेच.

मेल्टब्लोनचा दाणा करताना याच दुखण्याचा उपयोग करून घेतात. नेहमीच्या लांब साखळीच्या मालात मोजून सेंद्रिय पेरॉक्साइड घालून तो एक्स्ट्रूडरमधून (माल तापवून पुढे दाबत नेणाऱ्या यंत्रातून) वितळवून काढला, की पेरॉक्साइड त्या सैल जागा पकडून साखळ्या तोडत जातं. एमएफआय दहा-वीसवरून हजारावर नेता येतो. शिवाय फार लांब साखळ्या आधी तुटतात, त्यामुळे उरलेल्या साखळ्यांची लांबी बरीचशी एकसारखी होते, आणि बारीक तंतू काढायला नेमकं तेच हवं असतं. (थेट रिअॅक्टरमध्येच मेटॅलोसीन उत्प्रेरकावर असा माल काढायची पद्धतही आहे.) म्हणजे योग्य दाण्याचा तुटवडा कम्पाउंडर मंडळी (तयार मालात इतर पदार्थ मिसळून नवा दाणा करून देणारे) काही आठवड्यांत भरून काढू शकत होती, आणि त्यांनी काढलाही. पुढच्या दोन पायऱ्या इतक्या सोप्या नव्हत्या.

भोकं आणि वारा

मेल्टब्लोनची कल्पना मास्कसाठी निघालेली नाही. १९५० च्या दशकात अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत व्हॅन वेंट यांना वातावरणाच्या वरच्या थरांतले किरणोत्सारी कण पकडायला अतिशय बारीक तंतूंची गाळणी हवी होती. त्यांनी वितळलेलं प्लास्टिक बारीक भोकांतून सोडलं आणि दोन्ही बाजूंनी गरम हवेचा झोत मारून ते ओढलं. पुढे एक्सॉन या तेल कंपनीने ही पद्धत कारखान्यात चालेल अशी केली.

आजही यंत्राचा गाभा तोच आहे. रुंद डाय, तिच्या टोकावर एका ओळीत भोकं, एका इंचात पंचवीस-तीस किंवा त्याहून जास्त, प्रत्येक भोक ०.३-०.४ मिलिमीटरचं. भोकाच्या दोन्ही अंगांनी अडीचशे-तीनशे अंशांची हवा प्रचंड वेगाने येते आणि बाहेर पडणाऱ्या धारेला क्षणार्धात शंभराहून जास्त पटींनी बारीक करते. समोरच्या फिरत्या जाळीवर तंतू पोचतात तेव्हा ते अजून किंचित चिकट असतात आणि एकमेकांना धरूनच थिजतात. जत्रेतला म्हातारीच्या केसांचा गाडा ज्याने पाहिलाय, त्याला हे चित्र वेगळं समजावून सांगायला नको.

चित्र सोपं, डाय अवघड. दीड-दोन मीटर रुंदीत हजारो भोकं, सगळी एकाच मापाची, सगळ्यांत एकच तापमान आणि एकच दाब. एका जागी दोन-चार अंशांचा फरक पडला की तिथे तंतू जाड होतो, नाहीतर थिजून गोळ्या पडतात, आणि कापडावर हात फिरवला की वाळू लागल्यासारखी लागते. अशा डाय आणि पूर्ण उत्पादन-ओळी बनवणारे जगात मोजकेच: जर्मनीत रायफेनहॉइझर आणि ओर्लिकॉन नॉयमाग, अमेरिकेत आणि जपानमध्ये आणखी काही. मागणी नोंदवल्यापासून ओळ हाती यायला एरवी दहाएक महिने लागत. रायफेनहॉइझरने २०२० मध्ये तो अवधी साडेतीन महिन्यांवर आणल्याचं सांगितलं. उद्योगाच्या दृष्टीने ती कमालच, पण एप्रिलमध्ये मास्क हवा असलेल्या परिचारिकेला त्याचा काय उपयोग?

मास्क जोडायचं यंत्र मात्र तुलनेने साधं असतं: तीन रोल, चुण्या, तार, अल्ट्रासोनिक वेल्डिंग. ते झपाट्याने वाढलं. चीनच्या राष्ट्रीय विकास आणि सुधारणा आयोगाच्या आकडेवारीप्रमाणे तिथली मास्क बनवायची रोजची क्षमता फेब्रुवारीच्या सुरुवातीला सुमारे २ कोटी होती, ती महिनाअखेरीस ११ कोटींवर गेली. जोडणीची क्षमता पाचपट झाली आणि मधला पदर होता तेवढाच. टनाला साधारण २० हजार युआनला मिळणारं मेल्टब्लोन वसंत संपेपर्यंत चार लाखांच्याही वर गेलं. सिनोपेकसारखी तेल कंपनी मार्चमध्ये बीजिंगजवळ यानशानला स्वतःच मेल्टब्लोन काढायला बसली. दाणा बनवणाऱ्याने थेट कापडात उतरावं, यावरूनच अडचण कुठे होती ते कळतं.

भार

समजा दाणा मिळाला, डाय मिळाली, दोन मायक्रॉनचा तंतू निघाला. तरीही मास्क झालेला नसतो.

एन-९५ ची चाचणी ०.३ मायक्रॉनच्या आसपासच्या मिठाच्या कणांवर होते, आणि हवेचा प्रवाह असतो मिनिटाला ८५ लिटर. त्यातले किमान ९५ टक्के कण अडले पाहिजेत. तंतूंच्या जाळीतली मोकळी जागा या कणांपेक्षा कितीतरी मोठी असते. त्यामुळे चहाच्या गाळणीसारखं ‘भोकापेक्षा मोठा तो अडला’ असं इथे काही नसतं. मोठे कण वळण घेऊ न शकल्याने तंतूवर आदळतात, फार लहान कण हवेच्या रेणूंचे धक्के खात भरकटत तंतूला चिकटतात, आणि मधल्या आकाराचे कण दोन्हींतून निसटतात. त्यांच्यासाठी तंतूवर विद्युतभार लागतो. पंचवीस ग्रॅमचं साधं, भार नसलेलं मेल्टब्लोन चाचणीत निम्म्याहूनही कमी कण अडवतं. त्याच कापडाला नीट भार दिला की ते नव्वदीच्या पुढे जातं, आणि श्वास घ्यायला तेवढंच सोपं राहतं. कापड जाड करूनही गाळण वाढते, पण मग श्वास कोंडतो. भारामुळे हा त्रास टळतो.

हा भार द्यायची एक रूढ पद्धत टेनेसी विद्यापीठातले पीटर त्साय यांनी बसवली: कापड उच्च दाबाच्या विद्युतक्षेत्रातून न्यायचं, त्यांचं पेटंट १९९५ चं. थ्रीएम या अमेरिकी कंपनीची दुसरी पद्धत, पाण्याचे बारीक फवारे मारून भार बसवायची. चीनमध्ये अनेकांनी दाण्यातच टूर्मलीन या खनिजाची पूड मिसळून भार जास्त टिकवायचा प्रयत्न केला.

भार टिकतो का, याचं उत्तर पुन्हा पॉलिप्रॉपिलीनच्या तक्त्यात आहे. साखळीत नुसते कार्बन आणि हायड्रोजन, ध्रुवीय गट नाही, त्यामुळे पाण्याची ओढ नाही. विद्युतरोध इतका जास्त की एकदा अडकलेला भार वाहून जायला वाट सापडत नाही. महिने, वर्षं तिथेच बसतो. घरच्या पंख्याच्या कपॅसिटरमध्ये पॉलिप्रॉपिलीनची फिल्म असते ती याच गुणामुळे. नायलॉन किंवा पॉलिएस्टरचे तंतू कदाचित जास्त मजबूत निघाले असते, पण दमट हवेत त्यांच्यावरचा भार इतका टिकला नसता. मास्कला मजबुती नको होती. तो कामाच्या एका पाळीपुरताच वापरायचा असतो.

बिनभाराचं आणि भाराचं कापड डोळ्यांना सारखंच दिसतं. हाताला सारखंच लागतं. वजनाला सारखंच भरतं. फरक फक्त प्रयोगशाळेत कळतो. टंचाईच्या बाजारात असा माल आला, की काय होणार हे कुणीही सांगू शकेल.

यांगझोंग

जे व्हायचं होतं ते चीनच्या जिआंगसू प्रांतात यांगझोंग नावाच्या लहान शहरात झालं. यांगत्से नदीतल्या बेटावरचं हे गाव विजेच्या सामानाच्या कारखान्यांसाठी ओळखलं जातं. वसंतात तिथे मेल्टब्लोनची अशी लाट आली की ज्याच्याकडे एक्स्ट्रूडर होता त्याने पुढे डाय लावली, आणि ज्याच्याकडे नव्हता त्याने कुणाचा तरी जुना उचलला. कुठे गोदामात, कुठे घराच्या खालच्या मजल्यावर यंत्रं चालू लागली. पोती आणि बादल्यांच्या कमी एमएफआयच्या मालापासूनही कापड काढलं गेलं. भार देण्याची सोय अनेकांकडे नव्हतीच. तरी माल हातोहात जात होता, कारण विकत घेणाऱ्यालाही कापड हवं होतं, चाचणीचा कागद नको होता. एप्रिलच्या मध्यावर स्थानिक प्रशासनाने गावातले सगळे मेल्टब्लोन कारखाने एका फटक्यात बंद करून तपासणी लावली.

तोवर असल्या कापडाचे मास्क जगभर पोचले होते. मार्चअखेरीस नेदरलँड्सने रुग्णालयांना वाटलेले सुमारे ६ लाख मास्क परत मागवले. चेहऱ्यावर नीट बसत नव्हते आणि गाळणीही निकामी होती. ते यांगझोंगच्या कापडाचे होते असं मी म्हणत नाही. पण नुसतं बाहेरून पाहून चांगलं आणि वाईट कापड वेगळं काढता येत नाही, याचा भुर्दंड एका सरकारला कसा बसला ते यातून दिसतं.

इथे काय झालं

भारतात पेच सरकारी आदेशांतूनच वाचता येतो. ३१ जानेवारी २०२० ला मास्कसह संरक्षक साहित्याच्या निर्यातीवर बंदी आली, आठवडाभरात ती थोडी सैल केली गेली, आणि १९ मार्चला सर्जिकल मास्कबरोबर मास्कसाठी लागणाऱ्या कापडाच्या निर्यातीवरही बंदी आली. १३ मार्चला मास्क अत्यावश्यक वस्तूंच्या यादीत गेले. २१ मार्चच्या आदेशाने दोन पदरी मास्क ८ रुपये आणि तीन पदरी १० रुपये अशी कमाल किंमत ठरवली, आणि त्या आदेशाच्या नावातच ‘मेल्टब्लोन नॉन-वोव्हन कापड’ हे शब्द होते: कापडाचा भाव १२ फेब्रुवारीच्या भावाच्या वर जाऊ नये, असं त्यात म्हटलं होतं. किराणा दुकानातल्या डाळ-तांदळाच्या पंगतीला एका तांत्रिक कापडाचं नाव जाऊन बसलं. काही दिवसांत दुरुस्ती होऊन मेल्टब्लोन असलेल्या तीन पदरी मास्कची मर्यादा १६ रुपये झाली. दर बांधून कापड बनत नाही, हे सरकारलाही तेवढ्यात कळलं असावं. मेल्टब्लोन काढणारे देशात बोटांवर मोजण्याइतके होते आणि बाहेरून येणारं कापड चीनमध्येच खपत होतं.

ही पोकळी भरली पिशव्यांच्या कापडाने. नॉन-वोव्हन पिशवी, जी दिसायला कापडाची वाटते आणि लग्नाच्या आहेरापासून साडीच्या दुकानापर्यंत सगळीकडे मिळते, ती स्पनबॉन्ड पॉलिप्रॉपिलीनचीच असते. महाराष्ट्राने मार्च २०१८ च्या प्लास्टिकबंदीत तिचाही समावेश केला, तेव्हा अनेक दुकानदारांना ‘हे तर कापड आहे’ असं मनापासून वाटत होतं. बंदीनंतर अडगळीत गेलेल्या कापडाला दोन वर्षांनी पुन्हा गिऱ्हाईक मिळालं. पिशवीच्या कापडाचे तीन पदर एकावर एक शिवून ‘थ्री प्लाय’ म्हणून विकलं गेलं. पदर तीनच होते, खोटं काही नव्हतं. फक्त तिन्ही स्पनबॉन्डचे. शिंतोडे अडवायला त्याचा थोडा उपयोग होता. पण रुग्णालयात लागणारी ९८ टक्के जिवाणू-गाळण त्यातून मिळणं शक्य नव्हतं. ग्राहकाला करता येण्याजोगी एकच ढोबळ परीक्षा होती: मास्क कापायचा, मधला पदर वेगळा काढायचा आणि कागदाच्या कपट्यांवर धरायचा. भार असेल तर कपटे उचलले जातात. ते उचलले गेले म्हणून मास्क प्रमाणित ठरत नाही, पण मधे पिशवीचंच कापड निघालं तर पुढे काही तपासायचीही गरज नाही.

कोइंबतूरची सिट्रा ही वस्त्रसंशोधन संस्था आणि डीआरडीओच्या प्रयोगशाळा अंगभर घालायच्या संरक्षक पोशाखांच्या चाचण्यांत गुंतल्या होत्या. त्या पोशाखाचं कापडही बहुतेक पॉलिप्रॉपिलीनचंच, पण अगदी वेगळं: स्पनबॉन्डवर पॉलिथिलीनसारख्या फिल्मचा थर, कारण तिथे रक्त आणि द्रव अडवायचे असतात, श्वास आरपार जाऊ द्यायचा नसतो. म्हणून पोशाखांचं उत्पादन दोन-तीन महिन्यांत शून्यातून लाखांवर नेता आलं, आणि मास्कच्या गाळणीला जास्त वेळ लागला. एकच प्लास्टिक असूनही.

उन्हाळा संपता संपता नव्या ओळी उभ्या राहिल्या, आयात सुरळीत झाली आणि भाव उतरायला लागले. ऑक्टोबर २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने स्वतःचे दर बांधले: एन-९५ ला प्रकाराप्रमाणे १९ ते ४९ रुपये, दोन पदरी ३ रुपये, तीन पदरी ४ रुपये. मार्चचे ८ आणि १० आठवून पाहा. त्याच महिन्यात केंद्राने एन-९५ ची निर्यातही खुली केली.

धुतलेला मास्क

टंचाईच्या काळात घरोघरी आणि रुग्णालयांतही एकच प्रश्न होता: एन-९५ पुन्हा वापरायचा कसा? कुणी साबणाने धुतला, कुणी सॅनिटायझर फवारला, कुणी कुकरच्या वाफेवर धरला. मास्क फाटला नाही, रंग गेला नाही, म्हणून तो ठीकच आहे असं सगळ्यांनी धरलं. पॉलिप्रॉपिलीनला साबण, अल्कोहोल, उकळतं पाणी यांचं काही वावडं नाही हे खरंच आहे. म्हणूनच त्याचे डबे मायक्रोवेव्हमध्ये चालतात आणि त्याच्या बाटल्या ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करायच्या भांड्यात) टिकतात. इथे भार मात्र जातो. अल्कोहोल आणि साबणाचं पाणी तंतू ओला करून भार उतरवतात, आणि मास्क जसाच्या तसा दिसत असताना त्याची गाळण घसरते.

स्टॅनफर्डच्या यी कुई आणि स्टीव्हन चू यांच्या गटाने २०२० मध्ये हे मोजून दाखवलं. अल्कोहोल आणि क्लोरिनच्या द्रावणाने गाळण बरीच खाली आली, वाफेने काही फेऱ्यांनंतर घटू लागली, पण ७५-८५ अंशांच्या कोरड्या उष्णतेत वीस फेऱ्या होऊनही ती टिकली. निवृत्त झालेले त्साय याच प्रश्नासाठी पुन्हा कामाला लागले, आणि ७० अंशांच्या आसपासची गरम हवा आणि मास्क आळीपाळीने वापरणं हेच त्यांनीही सुचवलं. वितळणबिंदू १६० च्या वर असल्यामुळे तंतू तिथे जागचा हलत नाही. गॅमा किरणं मात्र वर्ज्य. त्यांनी भारही जातो आणि सैल हायड्रोजनपाशी साखळीही तुटते.

जुलै २०२० मध्ये केंद्रीय आरोग्य खात्याने झडप असलेल्या एन-९५ विरुद्ध सूचना काढली. तो मुद्दा कापडाचा नव्हता; झडपेतून घालणाऱ्याचा उच्छ्वास न गाळता बाहेर जातो, एवढाच होता. लोकांनी मात्र त्याचा अर्थ ‘एन-९५ चांगले नाहीत’ असा घेतला, आणि पुन्हा पिशवीच्या कापडाकडे वळले.

नंतर

वापरलेल्या मास्कचं काय करायचं, हा प्रश्न मागे राहिला. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने घरचे मास्क कापून, कागदी पिशवीत किमान ७२ तास ठेवून मग सुक्या कचऱ्यात टाकायला सांगितलं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने २०२१ मध्ये उद्योगांना बरोबर घेऊन निर्जंतुक केलेल्या पीपीई कचऱ्याचे पुन्हा दाणे करून त्यापासून मोटारीचा सुटा भाग साच्यात काढून दाखवला. थर्मोप्लास्टिक, म्हणजे तापवून पुन्हा वितळवता येणारं, असल्याने हे जमतं. पण मास्कमध्ये तार असते, इलॅस्टिकमध्ये वेगळं पॉलिमर असतं, आणि हजार एमएफआयचा मधला पदर दाण्यात मिसळला की नवा माल जास्त पातळ होतो. त्यामुळे वेगळं काढणं हाच त्यातला मोठा खर्च.

मेल्टब्लोनच्या ओळी आता जगात गरजेपेक्षा जास्त आहेत. कापड मास्कपुरतं कधीच नव्हतं. तेल पितं आणि पाणी पीत नाही, शिवाय तरंगतं, म्हणून कारखान्यांत सांडलेलं तेल टिपायच्या चादरी त्याच्याच असतात. गाडीच्या एसीची केबिन गाळणी, खोलीतल्या एअर प्युरिफायरची गाळणी बहुतेकदा भाराच्या मेल्टब्लोनचीच. आणि घरच्या आरओला सर्व्हिसवाला दर काही महिन्यांनी जो ‘स्पन’ बदलतो, तो पांढरा दंडगोल म्हणजे याच पद्धतीने दांड्यावर गुंडाळत नेलेले पॉलिप्रॉपिलीनचे तंतू. त्यावर भार नसतो, कारण पाण्यात तो टिकलाच नसता. तिथे गाळ पकडायला नुसती जाडी पुरते.